पायाचं बोला : न दुखणारी जखम आणि इतर पत्रं

या महिन्याच्या पत्रांतही टाचदुखीच पहिल्या नंबरावर आहे. पण पुण्याहून आलेलं एका मुलाचं पत्र मी आधी घेते. संपादकांनी ते आलं त्याच दिवशी माझ्याकडे पाठवलं आणि त्या मुलाशी माझं फोनवर बोलणंही झालं आहे. इथलं उत्तर आहे ते बाकीच्या घरांसाठी, कारण असे वडील सोलापूर जिल्ह्यात गावोगावी आहेत.

माझे वडील ६८ वर्षांचे आहेत, मोहोळ तालुक्यात गावी असतात. शुगर पंधरा वर्षांपासून. मध्यंतरी शेतातून घरी आले तेव्हा एका पायात चप्पलच नव्हती. वाटेत कुठे निसटली ते त्यांना कळलंच नाही, आम्ही सगळे हसलो. आता आईनं व्हिडिओ कॉलवर तळवा दाखवला. अंगठ्याच्या मुळाशी, चवड्यावर रुपयाएवढी जखम आहे, भोवती जाड पांढरी कातडी. ते म्हणतात, काही दुखत नाही, हळद-तेल लावतोय, भरेल. मोटर चालू करायला रोज चालत जातात. दुखत नाही म्हणजे फार गंभीर नसेल ना? कुठलं मलम लावावं?

दुखत नाही म्हणूनच गंभीर आहे.

तुम्ही हसलात ना, ती चप्पल निसटली तोच दिवस डॉक्टरांकडे जायचा होता. पायातली चप्पल गेलेली कळत नाही याचा अर्थ तळव्याच्या नसा मेल्यात. बऱ्याच वर्षांच्या साखरेनं असं होतं. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री आग होते, आणि मग एक दिवस ती आग थांबते. पेशंट खुशीत येऊन सांगतो, "मॅडम, आता बरं वाटतंय, जळजळ गेली." मी लगेच चप्पल काढायला सांगते.

तुमच्या-माझ्या पायाला अशी जखम झाली असती तर दुसऱ्याच पावलाला आपण लंगडलो असतो. ते लंगडणं हाच अर्धा उपचार असतो, कारण दुखऱ्या जागेवर आपण वजन देत नाही. तुमचे वडील मात्र त्या जखमेवर पूर्ण भार देऊन ताठ चालत मोटरीपर्यंत जातात आणि परत येतात. भोवतीची जाड पांढरी कातडी हा त्याच भाराचा पुरावा. ती कातडी बुटात खडा असावा तशी आतल्या मांसाला दाबत राहते.

हे आपल्याला कळलं ते कुष्ठरोग्यांमुळे. डॉ. पॉल ब्रँड या शल्यविशारदांचा जन्म १९१४ सालचा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात बोटं, तळवे आपोआप सडतात असाच तेव्हा सगळ्यांचा समज होता. ब्रँड यांनी नीट पाहिलं तर सडत काहीच नव्हतं. वेदना गेल्यामुळे माणसं नकळत स्वतःला इजा करून घेत होती, आणि झालेल्या इजेवरच चालत होती. पाय प्लास्टरमध्ये घातला की वर्षानुवर्षांच्या जखमा भरायच्या. पुढे ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, आणि तीच पद्धत मधुमेहींच्या पायालाही लागू पडते हे तिथून पसरलं. आज जगभर वापरतात ते 'टोटल कॉन्टॅक्ट कास्ट' म्हणजे हेच तळव्याला घट्ट लागून बसणारं प्लास्टर. ते चवड्यावरचा भार सगळ्या पायावर आणि पोटरीवर वाटून देतं.

तेव्हा मलमाचं उत्तर असं, की कुठलंही लावा, वर साठ-सत्तर किलो पडत राहिले तर ते काम करणार नाही. हळद-तेल मात्र बंद. त्यानं जखम झाकते आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही. सलाइननं किंवा उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवायची, स्वच्छ गॉज ठेवून पट्टी बांधायची, आणि याच आठवड्यात मधुमेही पायाच्या ओपीडीत किंवा सर्जनकडे न्यायचं. तिथे ती जाड कातडी कापून काढतील, जखमेत सळई घालून हाडाला लागते का बघतील, एक्स-रे काढतील, पावलावरची आणि घोट्यामागची नाडी तपासतील. नाडी लागत नसेल तर डॉपलर, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते बघणारी सोनोग्राफी, आधी आणि प्लास्टर नंतर. रक्तच पोचत नसेल तर जखम कशानंच भरणार नाही आणि प्लास्टरचा अपायच होईल. नाडी चांगली असेल, हाडापर्यंत संसर्ग गेला नसेल, तर यातल्या पुष्कळ जखमा सहा-आठ आठवड्यांत भरतात.

काढता येणारा बूट दिला तर तो घरातही घालायचा. संडासला जाताना, देवापुढे, रात्री पाणी प्यायला उठल्यावरसुद्धा. पुरुषमंडळी दवाखान्यात बूट घालून येतात आणि तो गावच्या वेशीवर काढतात, हे मला तळवा बघून कळतं. आणि मोटरीला मोबाइलवरून चालू होणारा स्टार्टर बसवून घ्या. पाय कापायच्या ऑपरेशनपुढे त्याची किंमत काहीच नाही.

यातलं काही दिसलं तर आठवडासुद्धा थांबू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या : लाली वर चढतेय, वास येतोय, बोट काळं पडतंय, थंडी-ताप, किंवा एरवी ताब्यात असलेली साखर एकदम चढली. आणखी एक गोष्ट फार चुकते. जखम नाही, दुखतही फारसं नाही, पण एकच पाऊल सुजलंय आणि दुसऱ्यापेक्षा गरम लागतंय. त्याला मुरगळलं म्हणून मालिश करतात, नाहीतर युरिक ॲसिडच्या गोळ्या देतात. मधुमेहात ती हाडं आतल्या आत मोडत असू शकतात. त्याला शार्को म्हणतात. त्या पायावर चालणं त्याच क्षणी बंद करून तपासून घ्यायचं.

आईंना एक काम सांगा. रोज रात्री दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या बॅटरीच्या उजेडात बघायच्या. बधिर पायाला रात्री उंदीर चावून गेलेला मी पाहिलाय, काट्याचं टोक महिनाभर आत घेऊन चालणारा माणूस पाहिलाय. गरम पाण्याचा शेक नको, गरम पिशवी नको. आंघोळीचं पाणी कोपरानं बघायचं, पायानं नाही. चप्पल घालण्याआधी झटकायची. अंगठ्यात अडकवायची स्लिपर बंद, मागे पट्टा असलेली एमसीआरची चप्पल घ्या. ते मऊ काळं रबर कुष्ठरोग्यांच्या चपलांसाठीच वापरात आलं, आता मधुमेहींसाठीही मिळतं. चैत्र-वैशाखात तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरला देवळाच्या फरशीवर अनवाणी चालून तळवे भाजलेले पेशंट दरवर्षी येतात. पहाटे जा, जाड पांढरे मोजे घाला. पांढरे यासाठी, की रक्ताचा डाग दिसतो.

आणि तुमची स्वतःची शुगर तपासली आहे का?

मी ४७ वर्षांची, बार्शीला शिक्षिका आहे. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसतो. दहा-पंधरा पावलांनी कमी होतं, संध्याकाळी परत. एक्स-रेत 'टाचेचं हाड वाढलंय' असं निघालं. ऑपरेशन करून हाड घासावं लागेल का? मैत्रीण म्हणते इंजेक्शन घे, एका दिवसात बरं होतं.

ताई, ते हाड राहू द्या. त्यानं तुमचं काही बिघडवलेलं नाही. टाच कधीच दुखली नाही अशा पुष्कळ माणसांच्या एक्स-रेतही तो काटा दिसतो. दुखतोय तो तळव्याखालचा जाड पट्टा, टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला. रात्री पाऊल सैल पडतं, तो आखडतो, आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. पहिल्याच पावलाला कळ येते ती त्यामुळे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, पण मी पैज लावते : घरात फरशी आहे आणि तुम्ही अनवाणी असता. शाळेत उभं राहून तास घ्यायचे, घरी आल्यावर कडक फरशीवर ओट्यापाशी दोन तास. आमच्या आज्यांच्या घरी शेणानं सारवलेली जमीन होती, त्यांचे दाखले इथे चालत नाहीत. घरात घालायला वेगळी, मऊ आणि टाचेला थोडी उंच असलेली चप्पल ठेवा. देवघराचा प्रश्न असेल तर दाराशी काढा.

अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हातानं बोटं नडगीकडे ओढा, दहापर्यंत मोजा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. मग भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची : दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. पोटरी आखडलेली असली की टाच बरी होत नाही, आणि नेमका हा व्यायाम लोक सोडतात. संध्याकाळी पाण्याची बाटली बर्फ करून तिच्यावर तळवा फिरवा. वजन वाढलं असेल तर तेही बघा, हे तुम्हाला आवडणार नाही.

किती दिवस? महिने लागतात. बहुतेकांची टाच ऑपरेशनशिवाय वर्षाच्या आत बरी होते. स्टेरॉइडच्या इंजेक्शननं काही आठवडे खरंच छान वाटतं. पण तो पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. परत परत घेतलं तर जास्तच. म्हणून मी ते मागे ठेवते. टाच रात्री झोपेतही ठणकत असेल, बधिर होत असेल, किंवा दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबर तासभर ताठ राहत असेल, तर मात्र हे दुखणं वेगळं, तपासायला या. तरुण मुलांमध्ये तर विशेष, कारण मणक्याचा संधिवात कधी कधी टाचेतूनच सुरू होतो.

एसटीत वाहक होतो, आता निवृत्त. करंगळीवर कुरूप आहे. ब्लेडनं कापतो, कुरुपाची पट्टी लावतो, महिन्यात पुन्हा हजर. मुळापासून कसं काढावं?

काका, त्याला मूळ नसतं. जिथे घासतं तिथे कातडी स्वतःच्या बचावासाठी जाड होते. तुम्ही ती कापता आणि तोच बूट परत घालता, मग ती बिचारी काय करणार? कागदावर उभे राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवा आणि त्यावर तुमचा बूट ठेवा. पेन्सिलची रेघ बुटाच्या बाहेर आली तर कुरूप का परत येतं ते तुम्हाला कळेल. नवा बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. पाय पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून वज्रीनं हलकं घासा, रोज थोडं.

पट्टीत सॅलिसिलिक ॲसिड असतं. ते कुरूप आणि चांगली कातडी यांत फरक करत नाही. शुगर असेल तर ती पट्टी आणि ब्लेड दोन्ही आजच फेकून द्या, माझ्याकडची कितीतरी कापलेली बोटं त्या पट्टीपासून सुरू झाली आहेत. एक खात्री करून घ्या. सरळ दाबलं की दुखतं ते कुरूप. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखत असेल आणि आत काळे ठिपके दिसत असतील तर ती चामखीळ. ती विषाणूची असते, तिचा इलाज वेगळा.

सोलापुरात यंत्रमागावर काम करते. बारा तास उभी. पोटरीवर निळ्या शिरा फुगल्यात, रात्री पाय जड होतात, घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळी पडून खाजते. कुणी म्हणतं शिरा कापल्या तर पाय लुळा पडतो.

मावशी, लुळा पडत नाही. त्या वरवरच्या शिरा आहेत, बरंचसं रक्त आतल्या मोठ्या शिरांतून जातं. पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरीचा स्नायू करतो, आणि चढलेलं रक्त खाली येऊ नये म्हणून शिरांत झडपा असतात. मागापुढे नुसतं उभं राहिलं की पोटरी हलत नाही, रक्त साचतं, झडपा सैल होतात. घोट्यापाशी कातडी काळी पडून खाजणं ही पुढची पायरी, तिथेच जखम होते आणि वर्षानुवर्षं वाहते. म्हणून खाजेचं मलम लावत बसू नका. शिरांचा डॉपलर करून घ्या, सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात होतो. आता लेसरनं किंवा रेडिओलहरींनी शीर आतून बंद करतात, बहुतेक बायका त्याच दिवशी चालत घरी जातात.

तोवर मागाशी उभं राहून अर्ध्या तासानं वीस वेळा टाचा उचला. रात्री पायाखाली दोन उशा. घट्ट मोजे सकाळी उठल्याबरोबर, सूज नसताना माप देऊन घ्या, आणि त्याआधी पायाची नाडी तपासून घ्या. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला ते मोजे घातक. फुगलेली शीर कधी फुटून रक्त आलं तर घाबरून उभ्या राहू नका : आडवं पडायचं, पाय वर, जागेवर कापड घट्ट दाबून धरायचं. त्या जागेच्या वरच्या बाजूला दोरी किंवा फडकं आवळून बांधू नका. आणि एकच पाय अचानक सुजून पोटरी दुखू लागली, तर आत गुठळी असू शकते. तेव्हा मालिश अजिबात नाही, लगेच दवाखाना. दम लागत असेल तर रिक्षा शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

कुडाळजवळ भातशेती आहे. लावणीत दरवर्षी बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात.

बुरशी आहे. घरी आल्यावर पाय धुऊन बेचक्या सुती कापडानं कोरड्या करा, टर्बिनाफिनचं मलम लावा, बरं वाटल्यावरही आठवडाभर सुरू ठेवा. मेडिकलवाला जी 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब देतो तिच्यावर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का वाचा. त्या स्टेरॉइडनं खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आरामात पसरते. भेगांना लावता ते व्हॅसलिन टाचेपुरतंच, बेचक्यांत नको. तुमच्या भागात लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून चिखलपाण्यात येणाऱ्या जंतूचा ताप आहे, तो जंतू अशाच फुटलेल्या कातडीतून आत जातो. लावणीच्या दिवसांत गमबूट घाला, आणि ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, की आरोग्य केंद्रात चिखलात काम केल्याचं आधी सांगा.

यंदा आळंदीहून पायी वारी करायची आहे. कुठले बूट घेऊ?

जुने. वारीसाठी नवे बूट घेणारा माणूस लोणंदपर्यंत टेम्पोत बसलेला असतो. नवेच घ्यायचे तर आत्ता घ्या आणि निघेपर्यंत रोज त्यात चाला, हळूहळू वाढवत. पाय पावसात भिजला की फोड लवकर येतात, म्हणून मोज्यांचे तीन जोड पिशवीत. जागा लाल झाली, चुरचुरायला लागली की तेव्हाच कागदी चिकटपट्टी लावा, फोड यायची वाट बघू नका. आलाच तर छोटा फोड फोडू नका. मोठा, ताणलेला असेल तर स्वच्छ सुईनं कडेला टोचून पाणी जाऊ द्या, पण वरची कातडी काढू नका. शुगरवाल्यांनी सुईला हात लावायचा नाही, दिंडीबरोबरच्या वैद्यकीय पथकाकडे जायचं.

आजी ८४ वर्षांची. पायाची नखं शिंगासारखी जाड आणि वाकडी झालीत, नेलकटर लागत नाही. ती कुणाला हात लावू देत नाही.

नखं दाबत असतील, दुखत असतील म्हणून हात लावू देत नाही. आंघोळीनंतर, पाय वीस मिनिटं कोमट पाण्यात ठेवून, मगच हात लावा. एका बैठकीत सगळी नखं करू नका, आज दोन, परवा दोन. जाडी आधी खरखरीत कानशीनं वरून घासून कमी करा, मग सरळ रेषेत थोडं थोडं कापा. कोपरे खोल काढू नका, नख मांसात घुसतं. कडेला पू किंवा लाली दिसली, किंवा आजीला शुगर असेल, तर घरी प्रयोग नको, दवाखान्यात आणा. आणायचं शक्य नसेल तर पुढच्या पत्रात गाव कळवा, जवळ घरी येऊन बघणारं कोणी असेल तर विचारून सांगते.